बाईंचं नापास वाक्य

आमच्या शाळेच्या पुस्तकात माझं एकही वाक्य नाही. होती तीन, ती पोरांनी काढून टाकली. हे मी आता कुणी विचारलं नाही तरी सांगत सुटते. पण ज्या सोमवारी हे घडलं, त्या दिवशी माझे कान असे तापले होते की त्यांच्यावर भाकरी भाजून निघाली असती.

मी श्रद्धा नाटेकर. रत्नागिरीजवळच्या पावसच्या पुढे, खाडीच्या तोंडाशी आमची जिल्हा परिषदेची शाळा आहे. सहावी-सातवी मिळून एकोणीस मुलं आणि दोन्ही वर्गांना मराठी शिकवणारी मी एकटी. नोकरीला चोवीस वर्षं झाली. आमचं हस्तलिखित तालुक्यात तीनदा पहिलं आलंय, त्याच्या तीन ढाली कार्यालयातल्या कपाटावर आहेत. त्या ढालींचं खरं काय ते आता सांगून टाकते. मुलं लिहायची, मी ते 'जरा नीट करून' द्यायची, आणि नीट करून झालं की मुलाचं म्हणून त्याचं नाव तेवढं खाली उरायचं. आंब्यावरचा निबंध असो की आजीवरचा, सगळीकडे 'निसर्गाची मुक्त उधळण' असायची, आणि ती उधळण मीच करत होते. मुलं बिचारी माझा शब्द न् शब्द सुवाच्य अक्षरात उतरवून काढायची. कुणाची तक्रार नव्हती, आणि बक्षीस मिळत असताना तक्रार करणार तरी कोण.

गेल्या दिवाळीनंतर निलेश टेम्पो घेऊन आला. हा आमचाच जुना विद्यार्थी, आता अंधेरीला कुठल्याशा कचेरीत असतो आणि गावच्या मुंबईकर मंडळाचं सगळं बघतो. त्याच्या कचेरीने नवे कॉम्प्युटर घेतले, तर जुन्यातले सहा त्याने मागून घेतले आणि गोधड्यांत गुंडाळून शाळेत आणून पोचवले. वर्गाच्या भिंतीला लांबलचक बाक लावून त्याने ते मांडले आणि माझा मोबाइल खिडकीच्या गजाला बांधून टाकला, कारण शाळेत इंटरनेटची रेंज तेवढी एक जागा सोडून कुठे येत नाही. मग त्याने मुलांना जादू दाखवली. एकच पान सहाही कॉम्प्युटरवर उघडतं. सगळ्यांनी एकदम त्यात लिहायचं. जो लिहितोय त्याच्या नावाचं छोटं रंगीत निशाण त्या जागी हलताना दिसतं.

तीन-तीन मुलांचे गट केले, एका गटात चार. गटांना नावं काय द्यायची म्हटल्यावर मी 'सरस्वती', 'शारदा' असं सुचवलं. ते कुणी ऐकलंसुद्धा नाही. सुरमई, बांगडा, तारली, मोरी, खेकडा आणि कालव अशी सहा नावं ठरली. माझं नाव मात्र निलेशने पूर्ण टाकलं, 'श्रद्धा नाटेकर', आणि निशाण गुलाबी दिलं. "बाई, हे तुमचं," म्हणाला. त्याला काय ठाऊक, पुढे ते निशाण काय करणार आहे.

ठरलं असं की सगळ्या वर्गाने मिळून एक पुस्तक लिहायचं. विषय, आमच्या गावातली कामं. होडी डांबरणं, आंब्याची पेटी भरणं, माडावर चढणं, जाळं विणणं. पहिल्या दिवशी एकोणीस पोरं एकाच पानावर तुटून पडली. बांगड्याने लिहिलेलं सुरमईने खोडलं, खेकड्याने मोरीच्या मधोमध आपलं घुसवलं, आणि अर्ध्या तासाने पानावर 'होडी होडी माझी होडी गप रे समर्थ' एवढंच शिल्लक होतं. दोघांनी एकमेकांची मानगूट धरली. मी पट्टी आपटून कॉम्प्युटर बंद करायला लावले आणि जाहीर केलं की उद्यापासून वही आणि पेन.

दुसऱ्या दिवशी समर्थ माझ्या टेबलाशी आला. त्याचे आजोबा काशीराम गुरव, म्हणजे आमच्या ग्रामदेवतेच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान ज्यांच्याकडे आहे ते. सगळ्या गावाच्या वतीने ते देवापुढे उभे राहून एकेक मागणं म्हणतात आणि प्रत्येक मागण्याला जमलेली माणसं 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ देतात.

"बाई, आपण गाऱ्हाण्यासारखा करूया," समर्थ म्हणाला. "ज्याने वाक्य लिवला त्याने उभं राहून वाचायचा. सगळी पोरं व्हय म्हाराजा बोलली तर वाक्य पुस्तकात. एकजण जरी गप रायला तरी वाक्य थांबणार. मंग त्याने सांगायचा, का गप रायला ता."

"आणि सगळेच नुसते व्हय व्हय करत बसले तर?"

"देवळात करतत काय? आजोबा चुकीचा बोलले तर मागून लोक गप रवतत. मंग आजोबा फिरवून बोलतत."

मी आयुष्यभर देवळात जाते, माझ्या हे कधी लक्षात आलं नव्हतं. म्हटलं, बघू आठ दिवस.

आठ दिवसांत वर्गाचा नूर पालटला. मुलं आधी लिहायची, मग उठून वाचायची, मग एकोणीस गळ्यांतून 'व्हय म्हाराजा' असं निघायचं की शेजारच्या वर्गातले गुरुजी डोकावून जायचे. एखादं वाक्य थांबलं की खरी मजा. 'कोकणात आंबा फार होतो' हे वाक्य तारली गटाने वाचलं आणि मृणाली गप्प राहिली. का, तर म्हणे गेल्या वर्षी झालाच नव्हता, मग फार होतो कसं लिहायचं. त्या एका वाक्यावर पाऊण तास गेला आणि शेवटी जे वाक्य झालं त्यात मोहोर, थ्रिप्स नावाची कीड आणि मृणालीच्या काकाने कलमाखाली बसून धरलेलं डोकं, सगळं आलं. लाल पेन माझ्या हातात होतं, पण त्याचं टोपण काढायची वेळ येईना. याचा मला आनंद झाला की जळफळाट, हे तेव्हा माझं मलाच कळत नव्हतं.

कालव गटात समर्थ, मृणाली आणि दिशा. दिशा सातवीत. वर्गात असून नसल्यासारखी, विचारलं तर उत्तर बरोबर देणार, पण न विचारता तोंड उघडणार नाही. तिची आई तुळसा सुकतीच्या वेळी, म्हणजे समुद्राचं पाणी मागे जातं तेव्हा, खाडीच्या खडकांवरून कालवं काढते. लोखंडाच्या टोकदार सळीने शिंपी फोडायची, आतलं मांस भांड्यात टाकायचं, आणि टोपली भरली की एस.टी.ने रत्नागिरीला नेऊन विकायचं. तुळसा शाळेत कधी आली नव्हती. पालकसभेला नाही, पंधरा ऑगस्टला नाही. दिशा डबा विसरली तर ती फाटकाबाहेरूनच हाक मारून कुणाच्या तरी हाती द्यायची. आत या म्हटलं तर "नको बाईनू, अंगाला वास हाय," म्हणून वळायची.

गटाने दिशाच्या आईचं काम घ्यायचं ठरवलं. दिशा दोन दिवस नुसतीच कळफलकाकडे बघत बसली. तिसऱ्या दिवशी तिने लिहिलं: 'माझी आई दुसरीतून शाळेतून निघाली, पण तिला पाऊणकी येते.'

समर्थ गप्प राहिला. दुसरीतून निघालेल्या माणसाला पाऊणकी कशी येईल, असं त्याचं म्हणणं. दिशा उभी राहिली आणि म्हणाली, "तिथीची पाऊणपट केली की भरती कवा पुरी होणार ता कळतां. आज पंचमी. पाच पाऊणे पावणेचार. आज पावणेचारला पुरी भरती. त्याच्या सहा तास आधी नायतर नंतर सुकती. आई असा बोटांवर काढते."

समर्थने लगेच कॉम्प्युटरवर भरती-ओहोटीचा तक्ता शोधून काढला. रत्नागिरी, आजची भरती, तीन वाजून एकतीस मिनिटं.

"चवदा मिन्टं कॉम्प्युटर चुकला," मृणाली म्हणाली, आणि पोरांनी 'व्हय म्हाराजा' अशी आरोळी ठोकली की खिडकीतला मोबाइल हलला. दिशा हसली. तिला हसताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

शुक्रवारी तिने पुढचं वाचलं. मान खाली, डोळे पडद्यावर, आवाज एका सुरात. 'आई एस.टी.त शेवटच्या सीटवर बसते. कालवांचा वास येतो म्हणून तिच्या बाजूला कोण बसत नाही. एकदा मी पण बसले नाही. मी पुढे जाऊन बसले आणि तिच्याकडे बघितलं नाही. त्या संध्याकाळी तिने काढलेली कालवं मी भाताबरोबर खाल्ली.'

दिशा उभीच. मग समर्थने हळू आवाजात म्हटलं, "व्हय म्हाराजा." मग मृणालीने. मग एकेक करत बाकीच्यांनी, ओरडून नाही, देवळात सांजेला म्हणतात तसं. अठरावा आवाज आला तेव्हा दिशा खाली बसली.

सुट्टीत ती माझ्याकडे आली. पुस्तकाच्या प्रकाशनाला केंद्रप्रमुख साहेब येणार होते, पुढच्या शुक्रवारी दुपारी चारला. "बाई, त्या दिवशी चवदस," ती म्हणाली. "चारला सुकती. पुनवेच्या आदल्या दिवशी पाणी लांब जातां, मोठी कालवं तवाच गावतत. आई येयाची नाय. साडेधाला पुरी भरती. साडेधाला ठेवा ना कार्यक्रम."

"साहेबांची वेळ भरती बघून ठरवायची होय गं?"

"आईला ता ऐकवायचा हाय." मग म्हणाली, "तोंडाने मना सांगाक जमत नाय."

मी चोवीस वर्षं बाई आहे, तिला काय ऐकवायचं होतं हे मला बरोबर कळलं. मी साहेबांना फोन केला. ते कुरकुरले, मी दुप्पट कुरकुरले, आणि वेळ साडेदहा ठरली. इथपर्यंत माझं वागणं कुणालाही सांगण्यासारखं आहे.

रविवारी दुपारी बांगड्याचं तिखलं जेवून मी यजमानांचा लॅपटॉप उघडला. पुस्तक एकदा नजरेखालून घालावं, एवढंच मनात होतं. कालवांचं पान मी दोनदा वाचलं. साहेब हे वाचणार. आमच्या शाळेतली मुलगी, तिला स्वतःच्या आईच्या शेजारी बसायची लाज वाटते, असं छापून. माझ्या शाळेचं नाव खाली. पालकांना काय वाटेल, तुळसाला काय वाटेल, आणि मला, म्हणजे ज्या बाईला तीन ढाली मिळाल्या आहेत तिला, लोक काय म्हणतील. या सगळ्यात दिशाला काय हवंय, हा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नाही, आणि याची मला आजही शरम वाटते. मी ती पाच वाक्यं खोडली आणि त्या जागी लिहिलं: 'माझी आई सागरकन्या आहे. तिच्या कष्टांना सीमा नाही. मला तिचा सार्थ अभिमान वाटतो.' हात लागलेलाच होता म्हणून आणखी दोन-चार पानांवरच्या काना-मात्रा नीट केल्या. जीव शांत झाला. मी लॅपटॉप मिटून झोपले.

मला वाटत होतं की वही तपासायला घरी नेल्यासारखंच आहे हे. पुस्तकाची लिंक पोरांनी घरच्या मोबाइलवर घेतली होती, हे मला माहीत नव्हतं. मी तिखल्याची ढेकर देत खोडत होते तेव्हा देवळाच्या पायरीवर समर्थच्या बापाचा मोबाइल घेऊन सहा पोरं बसली होती, आणि 'श्रद्धा नाटेकर' नावाचं गुलाबी निशाण पानावरून पुढे सरकत कालवं खाताना डोळ्यांनी बघत होती. त्या सहांत दिशा होती.

सोमवारी वर्गात गेले तर 'नमस्ते बाई' सुद्धा पडलेल्या आवाजात. हजेरी झाली. दिशा उठून टेबलाशी आली.

"बाई, साडेधाची वेळ नको. साहेबांना चारला येऊ दे. आईला मी सांगितला, येऊ नको म्हणून."

"का गं?"

"आता तिने ऐकायसारखा काय रायला नाय."

मी चिडले. चूक उघडी पडली की माणूस आधी चिडतो, मीही चिडले. "शिकवणारी मी आहे की तुम्ही?" इथपासून सुरुवात केली आणि साहेब, शाळेचं नाव, आईबापांचा मान असं करत दहा मिनिटं बोलले. पोरं ऐकून घेत होती. दम खायला थांबले तसा समर्थ उठला. हात पाठीमागे बांधलेले, आवाजात उद्धटपणा तिळभर नाही.

"बाई, तुमची वाक्यं गाऱ्हाण्याला लागली नाय. तुमी वाचा. सगळी व्हय म्हाराजा बोलली तर रवतील पुस्तकात. दिशापण कबूल हाय."

मला तर हायसंच वाटलं. म्हटलं, हे काय अवघड आहे. असली वाक्यं वाचून मी तीन ढाली आणल्या आहेत. मी बाकाशी गेले, पदर नीट केला आणि चांगल्या खड्या आवाजात वाचलं, "माझी आई सागरकन्या आहे. तिच्या कष्टांना सीमा नाही. मला तिचा सार्थ अभिमान वाटतो."

आणि थांबले.

पंखा फिरत होता. बाहेर कुणीतरी नळावर कळशी भरत होतं, ती भरून वाहायला लागल्याचा आवाज आला. एकोणीस पोरांतलं एकही बोललं नाही. पहिल्या बाकावरचा सहावीतला पोरगा तर ओठ दातांत धरून बसला होता, चुकून निघेल म्हणून.

नियमाप्रमाणे आता कारण विचारायचं होतं. माझा आवाज जरासा चिरकलाच. "का गप्प राहिलात, ते सांगा."

मृणाली उठली. "बाई, ही कोणाची पण आई असेल. माझी पण आणि तुमची पण. दिशाची आई ह्यात कुठं हाय?"

मी पुन्हा वाचून बघितलं. तुळसा कुठेच नव्हती. पाऊणकी नव्हती, शेवटची सीट नव्हती, भातही नव्हता. मी ज्या मुलांना इतकी वर्षं नीट करत आले, त्या सगळ्यांच्या आया, आज्या आणि आंबे मी असेच पुसून टाकले होते, हे माझ्या ध्यानात आलं आणि मी खुर्चीत बसले.

"काढा," मी म्हटलं. "पण दिशाचं आता परत लिहावं लागेल. मी खोडलंय ते."

"नाय बाई, सगळा हाय," मृणाली म्हणाली. तिने माऊसने दोन ठिकाणी टिचकी मारली तसं पान शनिवारसारखं झालं. जुनं सगळं जपून ठेवलेलं असतं म्हणे. निलेशने पोरांना दाखवलं होतं, मी तेव्हा चहा प्यायला गेले होते.

"म्हणजे हे तुम्हाला काल पण करता आलं असतं?"

"व्हय," समर्थ म्हणाला. "तुमी लॅपटॉप बंद केलात तवाच येत होता करायला. पण तुमचा वाक्य वर्गाने ऐकला नव्हता ना, बाई. ऐकल्याशिवाय कसा काढायचा?"

मी त्यांचं काढताना त्यांना विचारलं नव्हतं. त्यांनी माझं काढायला रविवार दुपारपासून सोमवार सकाळपर्यंत वाट बघितली, हातात मोबाइल असून. ही मुलं माझ्या वर्गातली आहेत, असं मला त्या क्षणी रस्त्यावर जाऊन ओरडून सांगावंसं वाटलं. तीन ढाली मिळाल्या तेव्हा असं काही झालं नव्हतं.

दशमी होती. दहा पाऊणे साडेसात, म्हणजे दीडच्या सुमाराला सुकती. एवढा हिशेब मला आता येत होता. मधल्या सुट्टीत मी चपला हातात घेऊन खडकांवर गेले. चार पावलांत पाय कापला. तुळसा वाकून शिंपी फोडत होती. मला बघून ती उभी राहिली नाही, पाणी परत यायच्या आत टोपली भरायची होती.

"बाईनू, तुमी हितं कशाला इलात? पाय कापतील."

"कापला. शुक्रवारी शाळेत यायचं आहे तुम्ही."

"माझी बाय नको बोलली. आणि साहेब येणार. मी अशी वासाची."

"तुळसाबाई, तुमच्यामुळे पोरांनी मला नापास केलंय. भर वर्गात. तुम्ही आला नाहीत तर मला त्या वर्गात तोंड दाखवता यायचं नाही."

तिला यातलं काय कळलं कोण जाणे, पण ती हसली. सळी बाजूला ठेवून ओल्या बोटांवर मोजलं. "चवदस. साडेधाला पुरी भरती." मग सळी उचलली. "येतंय."

शुक्रवारी वर्गाचं दालन भरलं होतं. साहेब मधल्या खुर्चीत, काशीराम गुरव त्यांच्या बाजूला, बाकी आईबाप सतरंजीवर. दहा वाजून पंचवीस मिनिटांनी तुळसा आली. केस ओले, लुगडं धुतलेलं, अंगाला साबणाचा वास आणि त्याच्याखाली कालवांचा होताच. सतरंजीवर जागा होती, पण ती दाराच्या चौकटीशी उभी राहिली.

समर्थने सगळ्यांना नियम सांगितला. आज वाचणार पोरं, पण जमलेल्या सगळ्यांनी व्हय म्हाराजा म्हणायचं, आणि एकजण जरी गप्प राहिला तरी पुढचं वाचायचं नाही. काशीराम गुरव खुर्चीत ताठ बसले. साहेबांनी पहिल्या वाक्याला तोंडातल्या तोंडात म्हटलं, आणि तिसऱ्याला चांगले मोठ्याने. पेट्या झाल्या, होडी झाली, माड झाला. मध्येच साहेबांनी विचारलं, "मुलांनो, छान लिहिलंय. पण यात बाईंनी काय काय लिहून दिलं?"

पोरांनी माझ्याकडे बघितलं. मीच उठले. "साहेब, माझी तीन वाक्यं होती. वर्गाने नापास केली." साहेबांना ती थट्टा वाटली, ते हसले. पोरं हसली नाहीत. माझी मान मात्र त्या दिवशी जेवढी ताठ होती तेवढी ढाल घेताना कधी नव्हती.

मग दिशा उभी राहिली. पाऊणकीला बायकांनी माना डोलावल्या. शेवटची सीट आली. 'एकदा मी पण बसले नाही.' तिचा आवाज इथे बारीक झाला, पण थांबला नाही. 'मी पुढे जाऊन बसले आणि तिच्याकडे बघितलं नाही. त्या संध्याकाळी तिने काढलेली कालवं मी भाताबरोबर खाल्ली.'

"व्हय म्हाराजा," वर्ग म्हणाला. साहेब म्हणाले, काशीराम गुरव म्हणाले, सतरंजीवरची माणसं म्हणाली. मी म्हणाले. पण दिशा पुढे वाचेना. तिने पडद्यावरची नजर काढली आणि दाराकडे बघितलं. एकेक करून आम्ही सगळ्यांनी तिकडे बघितलं.

तुळसाने चौकटीला धरलेला हात सोडला. गाऱ्हाण्याला आमच्याकडे बायका सहसा आवाज देत नाहीत, पुरुष म्हणतात आणि बायका मागे हात जोडून उभ्या राहतात. तिने हात जोडले नाहीत.

"व्हय म्हाराजा," ती म्हणाली. "मना तवाच कळला होता, बाय. फुडं वाच."

दिशाने पदराने पुसावेत तसे फ्रॉकच्या बाहीने डोळे पुसले आणि पुढचं वाक्य वाचलं.